एकशे बारा चाव्यांची फळी

माझ्या मामाचं चाव्यांचं दुकान एका जिन्याखाली आहे. आत दोन माणसं मावतात, पण दोघांनी एकदम श्वास घेतला तर अडचण होते. मामा चाव्या बनवतो, कुलपं दुरुस्त करतो आणि बाहेर अडकलेल्या लोकांना त्यांच्या घरात पोचवतो. या शेवटच्या कामाचे तो काही घेत नाही. स्वतःच्या घरात जायला कोणी फी भरतं का, असं त्याचं म्हणणं.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक लाकडी फळी आहे. तिच्यावर एकशे बारा खिळे. या निवडणुकीआधी प्रत्येक खिळ्यावर एक चावी होती. शेजारपाजारचे लोक घराची दुसरी चावी मामाकडे ठेवत. पहिली हरवली, नवरा फिरतीवर गेला, म्हातारी आत आणि कडी बाहेर, असं काही झालं की मामाकडे धावत. चावीवर नाव नसे, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळं मामाच्या डोक्यात. "चोर आला तर त्याला एकशे बारा चाव्या मिळतील," मामा म्हणायचा, "पण घर एकही मिळणार नाही. बिचारा म्हातारा होईल शोधता शोधता."

नियम एकच होता. ज्या हाताने चावी ठेवली, त्याच हातात ती परत जाणार. बायकोने ठेवली असेल तर नवऱ्याला नाही, बापाने ठेवली असेल तर पोराला नाही. एक गृहस्थ या नियमापायी दोन दिवस स्वतःच्या जिन्यात बसून होते. तिसऱ्या दिवशी बायको माहेरून आली आणि मामाचे आभार मानून गेली.

आमच्या घराची चावी एकेचाळीस नंबरच्या खिळ्यावर होती. ती मी ठेवली होती, आठ वर्षांचा असताना, टाचा उंचावून. मामा एकटा राहतो, त्यामुळे त्याच्या घराची दुसरी चावी आमच्याकडे असायची, आईच्या शिवणाच्या डब्यात.

मामाला एक आजारही होता, तो म्हणजे पक्ष. सव्वीस वर्षं तो पक्षाचं काम करत होता. पद नाही, खुर्ची नाही, भाषणात नाव नाही. भिंतीवर पोस्टर चिकटवणं आणि आमच्या गल्लीत पत्रकं वाटणं, एवढंच. एका निवडणुकीत आमच्या गल्लीतून पक्षाला नऊ मतं पडली. मामाने जाहीर केलं की त्या नऊ जणांना तो चहा पाजणार. चहाला चौदा जण आले. मामा आठवडाभर खूश होता. म्हणाला, "मोजणीत चूक झाली असणार."

मीही पक्षातच होतो, मामामुळेच. पण मी शिकलेला असल्यामुळे मला ऑफिसात खुर्ची मिळाली. या वेळी प्रचाराला वरून एक नवे सर आले होते. आम्ही त्यांना थर्मामीटर म्हणायचो, कारण रोज सकाळी आल्या आल्या ते विचारायचे, "आज ताप किती?" ताप म्हणजे लोकांची भीती. पाच मुली रोज दोनशे घरांत फोन करून विचारायच्या, "झोपण्याआधी तुम्ही कडी किती वेळा तपासता?" उत्तरांवरून दहापैकी आकडा निघायचा. आम्ही चारवर अडकलो होतो.

"चारला माणूस विचार करतो," सरांनी फळ्यावर लिहून समजावलं. "सातला मत देतो. नऊच्या वर गेला की घराबाहेरच पडत नाही, मतदानालासुद्धा नाही. आपल्याला आठ पाहिजे. नऊ नको."

सर आधी साबणाच्या जाहिराती करायचे. तेव्हा जंतू होते, आता विरोधक होते. पद्धत तीच.

एका सकाळी त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकाला विचारलं, तुला घरात कशाची भीती वाटते? एकजण म्हणाला, पालीची. चहावाल्या मावशी म्हणाल्या, "तुमच्या जाहीरनाम्याची. त्यात गॅस स्वस्त करणार लिहिलंय." माझी पाळी आली. मला लोकांना हसवायची खोड आहे, शाळेत तिच्यापायी दोनदा वर्गाबाहेर उभा राहिलोय. मी उभा राहिलो आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "सर, माझ्या घराची चावी एका माणसाकडे आहे. माझीच काय, अख्ख्या गल्लीची. एकशे बारा. त्याने मनात आणलं तर एका दुपारी एकशे बारा घरांतली साखर चाखून येईल. आणि आम्हाला आठवड्याने कळेल, मुंग्या उपाशी मेल्यावर."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"त्या फळीचा फोटो मिळेल का?"

"फोटो कशाला सर? तो माझा मामा आहे."

"नुसता संदर्भाला," ते म्हणाले, आणि लगेच पुढे, त्याच श्वासात, "निवडणूक झाली की मुख्यालयात लिहिणाऱ्याची एक कायमची जागा आहे. तुझं नाव डोक्यात आहे माझ्या."

मी मामाकडे गेलो.

"फोटो? प्रचारासाठी?" मामाने हातातली कानस खाली ठेवली. सव्वीस वर्षांत पक्षाने त्याचा फोटो मागितला नव्हता. त्याने बादलीत हात बुडवून केस बसवले, खोक्यातून पक्षाचा बिल्ला काढून शर्टाला लावला आणि फळीशेजारी उभा राहिला. एक हात फळीवर ठेवला, लग्नात नवरा सोफ्यावर ठेवतो तसा.

"बिल्ला येतोय ना?"

"येतोय."

"चेहरा जरा कामसू दिसू दे. तुझ्या आईसारखा नको."

मामाच्या उजव्या हाताचा अंगठा आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. चावी कापायच्या मशीनमध्ये तो एकदा सापडला होता. तेव्हापासून नखाचे दोन भाग झालेत आणि दोन्ही आपापल्या दिशेने वाढतात. लहानपणी मला वाटायचं, त्याला एकूण अकरा नखं आहेत.

आठ दिवसांनी सरांनी मला पत्रकाचा नमुना दाखवला. काळ्या रंगावर मामाची फळी. मामा नव्हता. बिल्ला नव्हता. केस नव्हते. फळीवर ठेवलेला पंजा मात्र राहिला होता आणि त्यावर तो अंगठा. वर लिहिलेलं: "तुमच्या घराची दुसरी चावी आज कोणाच्या हातात आहे?" खाली: "ते सत्तेत आले, तर उद्या तो हात तुमच्या कडीवर असेल."

पहिलं वाक्य माझं होतं. सरांनी मागितलेल्या दहा वाक्यांतलं सहावं. दुसरं सरांचं.

"सर, हा मामा आहे."

"कुठाय मामा? मामाला काढलाय. तुझ्यासाठीच काढला, म्हटलं घरचा माणूस."

"अंगठा राहिलाय."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अंगठ्याला कोण ओळखतं रे? आणि तुमच्या भागात हे जाणारच नाही. तुमच्याकडे रस्त्यांचं पत्रक पाठवतोय. खड्डे, दिवे, तुझा मामा मजेत. माझा शब्द."

मी शब्द घेतला. घरी जाताना मुख्यालयात आपली खुर्ची खिडकीकडे असेल की दाराकडे, याचा विचार करत होतो. खिडकीकडे बरी, असं ठरलं.

पण रस्त्यांच्या पत्रकाने ताप उतरला. दोनवर आला. लोकांना खड्ड्यांची भीती वाटेना, सवय झाली होती. त्यामुळे पुढच्या रविवारी सगळीकडे एकच पत्रक गेलं. आमच्या गल्लीचा गठ्ठा सव्वीस वर्षं जिथे जायचा तिथेच गेला. मामाच्या दुकानात.

मी सकाळी नऊला पोचलो तेव्हा मामा घामाघूम होऊन स्टुलावर बसला होता. चारशेपैकी तीनशे ऐंशी वाटून झाली होती.

"मामा, तू हे वाचलंस का?"

"मी वाचून काय करू? मी मतदार आधीपासूनच आहे." त्याने उरलेली पत्रकं माझ्या हातात दिली, घडी घातलेली, तोंड आत. "गुडघे दुखतायत रे. समोरच्या इमारतीचे वरचे दोन मजले तेवढे तू टाक. भाचेराव ऑफिसात बसून जाड झालेत."

तिथे मी बोलायला हवं होतं. माझ्याकडे चांगली तीन-चार मिनिटं होती. मी त्याला म्हणालो, "लिफ्ट चालू आहे का?" मग वर गेलो आणि वीस दारांखालून मामाचा अंगठा आत सरकवला.

दुपारी पहिली बाई आली. पाच नंबर. "भावजी, चावी द्या जरा. नणंद येतेय राहायला." मामाने दिली. मग अठरा नंबर आला, तो म्हणाला रंगकाम काढलंय. सदुसष्ट म्हणाली, कुत्रा घेतलाय. कुत्र्याला चावी कशाला लागते ते मामाने विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकोणीस नणंदा येणार होत्या. मामा म्हणाला, "घरं लहान आहेत रे एकेकांची. कसं करतील?"

दुसऱ्या दिवशी निवृत्त शाळामास्तर आले, तीस नंबर. त्यांनी आयुष्यभर पोरांचं खोटं पकडलं, त्यामुळे स्वतःला खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी पत्रक उलगडून काउंटरवर ठेवलं, मामाचा हात उचलला आणि अंगठा अंगठ्याशेजारी ठेवला. मी स्टुलावर बसून ते पाहत होतो.

मामाने वाकून दोन्ही अंगठे पाहिले. मग म्हणाला, "बिल्ला आला नाही."

मास्तर म्हणाले, "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण हिला झोप येत नाही."

मामाने त्यांना चावी दिली. ते गेल्यावर तो माझ्याकडे वळला.

"फोटो तू ऑफिसात दिलास," तो म्हणाला, "पण पुढे त्याचं काय करणार, ते तुला थोडंच ठाऊक असणार?"

मी मान हलवली. मान हलवण्याचे दोन-तीन अर्थ होतात. त्याने त्याला हवा तो घेतला.

"त्यांनाही ठाऊक नसणार फळी कुणाची आहे ती," मामा म्हणाला. "एवढं मोठं काम. चुकीने झालं असेल." मग त्याने पत्रक पुन्हा वाचलं. "ओळ मात्र चांगली लिहिलीय कोणीतरी. वाचल्यावर मलाच वाटलं, आपली चावी कुठाय."

त्या आठवड्यात फळी टक्कल पडावं तशी रिकामी होत गेली. लोक आधी कारणं सांगत होते, नंतर नुसता नंबर सांगू लागले. जे परदेशी गेले होते त्यांनी फोन करून विचारलं, टपालाने पाठवता का? मामा रोज दुकान उघडत होता, रोज बिल्ला लावत होता. दोनदा पोस्टर चिकटवायलाही गेला. मी विचारलं, "अजून जातोस?" तर म्हणाला, "एका पत्रकावरून पक्ष सोडायचा असता तर त्या नऊ मतांच्या वेळीच सोडला असता."

घरी आई रोज जेवायला वाढताना विचारायची, "आणलीस का चावी?"

"आई, तो तुझा भाऊ आहे."

"भावाचं मी काही बोलतेय का? पण दुकानाला कुलूप ते केवढं. उद्या कोणी आत शिरलं तर?"

"शिरलं तर त्याला कळणार कसं, एकेचाळीस नंबर आपण आहोत ते?"

"तू आत्ता मोठ्याने बोललास ना?" आई म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

ती चावी फक्त मलाच मिळणार होती, कारण ठेवली मी होती. मी गेलो नाही. एवढं एक काम मी नीट केलं, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

शेवटी फळीवर दोन चाव्या उरल्या. आमची आणि पहिल्या खिळ्यावरची, पक्षाच्या ऑफिसची. ऑफिसचं कुलूप मामानेच बसवलं होतं आणि त्याची दुसरी चावी बारा वर्षं इथेच होती. कुणाची दुसरी चावी कुणाच्या हातात आहे हे चार लाख लोकांना विचारताना आमच्या ऑफिसने स्वतःला विचारलं नव्हतं.

मतदानाच्या आदल्या सकाळी थर्मामीटर सरांनी ऑफिसची चावी हरवली. मतदारयाद्या आत, मोटारी बाहेर, माणसं जिन्यात. चहावाल्या मावशींनी सांगितलं, जिन्याखालच्या दुकानात दुसरी असते. सर मला घेऊन निघाले. मी वाटेत दोन वेळा म्हणालो, आपण कुलूप तोडू या. ते म्हणाले, आदल्या दिवशी कुलूप तोडणं वाईट दिसतं.

मामाने त्यांना बसायला स्टूल दिलं. सव्वीस वर्षांत पक्षाचा एवढा मोठा माणूस दुकानात आला नव्हता.

"चावी ठेवली कोणी होती?" मामाने विचारलं.

"मला काय माहीत? ऑफिस आमचं आहे."

"जुन्या अध्यक्षांनी ठेवली होती. त्यांनाच देता येईल."

जुने अध्यक्ष तीन वर्षांपूर्वी समोरच्या पक्षात गेले होते आणि सध्या आमच्याविरुद्धचा प्रचार सांभाळत होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांकडे.

"देणार नाही," मामा म्हणाला, "पण उघडून देतो. चला. पक्षाचं काम थांबायला नको."

त्याने पहिल्या खिळ्यावरची चावी घेतली. ऑफिसच्या दारापुढे तीस-चाळीस कार्यकर्ते उभे होते. मामाने चावी कुलपात घातली आणि फिरवताना अंगठा वर आला.

"अरे!" सर ओरडले. "हा तोच अंगठा!"

सरांचा चेहरा खरोखर उजळला होता. एखाद्याला आवडता नट बाजारात भेटावा तसे ते मामाचा हात धरून बघत होते. "म्हणजे याचा तो मामा तुम्हीच! काय योग आहे! आठ पॉइंट तीन! तुमच्या अंगठ्याने आठ पॉइंट तीन ताप चढवला, माहितीये? साबणाला मला कधी सातच्या वर मिळाले नव्हते." मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आणि सगळी याची कल्पना. बैठकीत फळीची गोष्ट यानेच सांगितली. ती पहिली ओळसुद्धा याचीच. मी नमुना दाखवला तर म्हणतो, सर, अंगठा राहिलाय! नजर बघा पोराची!"

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने दार ढकलून उघडलं, चावी बाहेर काढली, पायपुसणं सरळ केलं, आणि लोक याद्यांसाठी आत घुसले.

नंतर पक्ष जिंकला, ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाट बघायला नको. मुख्यालयातली जागा मला मिळाली नाही. ती दुसऱ्या कोणाला मिळाली असती तरी बरं वाटलं असतं. तशी जागाच नव्हती.

मी मामाच्या मागोमाग दुकानात गेलो. त्याने ऑफिसची चावी पुन्हा पहिल्या खिळ्यावर अडकवली. मग एकेचाळीस नंबरची काढून माझ्यापुढे काउंटरवर ठेवली.

"मी मागितली नाही, मामा."

"तूच ठेवली होतीस. तूच ने."

"मामा, ऐक तरी. ते म्हणाले होते की आपल्या गल्लीत…"

"म्हणजे दुसऱ्या गल्लीत चाललं असतं," मामा म्हणाला. त्याने कानस उचलली, पण घासायला समोर काही नव्हतं, तेव्हा परत ठेवली. "माझी तुमच्याकडे आहे ती घ्यायला उद्या येतो. तू आणू नकोस. मी दिलीय, मीच घेईन."

दुसऱ्या दिवशी मतदान करून मामा थेट आमच्याकडे आला. बेल वाजली तेव्हा मी मोजे शोधत होतो. आईने दोन दिवसांपूर्वी दाराला बघायचं भिंग आणि साखळी बसवून घेतली होती. मामाकडून नाही, समोरच्या रस्त्यावरच्या दुकानातून, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं.

"कोण?" आईने विचारलं.

"मी."

"मी कोण?"

मग मामाने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. आईच्या वडिलांच्या.

"अगबाई, तू होय!" आईने दार उघडायला घेतलं. ते चार बोटं उघडलं आणि साखळीला अडकलं. आई साखळीशी झटू लागली. "थांब रे, ही मेली निघत नाही. नवीन आहे ना. आत ये, चहा टाकते. ही निघू दे आधी."

"राहू दे, ताई. चावी तेवढी दे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी शिवणाच्या डब्यातून चावी काढली. दाराच्या फटीतून मामाचा पंजा आत आला. फटीत तेवढाच मामा मावत होता. बाकीचा कापला गेला होता. मी चावी त्या तळव्यावर ठेवली आणि दुभंगलेल्या नखाचा अंगठा तिच्यावर मिटला.

"साखळीची पट्टी उलटी बसवलीय त्याने," मामा बाहेरून म्हणाला. "फटीतून एक बोट घातलं की सुटते. दुरुस्त करून घ्या."

पंजा क्षणभर तिथेच थांबला, साखळीपासून वीतभर अंतरावर. मग मामाने तो बाहेर ओढून घेतला, आणि दार बाहेरूनच नीट लावलं.